खांदा सापडेपर्यंत

सरतापे सरांकडे डोळे तपासायला आलेला माणूस पाच मिनिटांत वैतागायचा. समोरच्या तक्त्यावरचं बारीक अक्षर त्याने वाचलं की अंधाऱ्या खोलीतून सरांचा आवाज यायचा, "दिसतंय की वाटतंय?" गोऱ्या पेशंटला हेच ते इंग्रजीत विचारत. माणूस म्हणे, दिसतंय. सर काच बदलत, थांबत आणि पुन्हा तेच विचारत. शेवटी तो बिचारा कबूल करी की अक्षर तसं धूसरच आहे, आपण अंदाजाने ठोकून दिलं. तेवढं ऐकलं की सर खूश होत. आता खरा नंबर निघेल, असं म्हणत ते नव्याने सुरुवात करायचे आणि बाहेर बाकावर बसलेले लोक माझ्याकडे बघून घड्याळं दाखवायचे.

मी त्यांच्या दुकानात काचा कापायला आणि फ्रेमा बसवायला होतो. अकाउंटिंग शिकायला मेलबर्नला आलो, युनि संपली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाली, पण अकाउंटंटची नोकरी काही मिळाली नाही. क्रेगीबर्नच्या बाजारातल्या त्या दुकानात तात्पुरता म्हणून चिकटलो आणि तिथेच रुळलो. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पंजाबी मिठाईवाला, मध्ये आम्ही. मूळचे कल्याणचे दिलीप सरतापे हे तिथले ऑप्टोमेट्रिस्ट आणि मालक. बुटके, रुंद खांद्यांचे, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालणारे. त्यांची एक खोड होती. बोलता बोलता ते समोरच्याच्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेत, खिशातल्या कापडाने पुसत आणि परत चढवत. बोलणं मध्ये थांबत नसे. मी त्यांना हे एकदा बँकेच्या मॅनेजरबाईंच्या बाबतीत करताना पाहिलंय. बाई इतक्या गोंधळल्या की थँक यू म्हणाल्या.

असा माणूस शनिवारी बंदूक घेऊन डोंगरात जातो, हे ऐकल्यावर मला आधी थट्टाच वाटली होती. व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत सांबरं आहेत. इंग्रजांनी कधीकाळी आपल्याकडून आणून सोडलेली, आता इतकी माजलेली की सरकारच शिकारीचं लायसन्स देतं. "हेही आपल्यासारखेच," सर म्हणायचे, "पीआर मिळालेले." मारलेलं जनावर ते वाया घालवत नसत. मांस फ्रीजरमध्ये जाई, ओळखीच्या चार घरांत वाटलं जाई आणि उरलेल्याच्या चान्या होत. पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून ते त्या मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घालत आणि मॅगपाय पक्ष्यांना हाकलायला बायकोला, म्हणजे मंगलवहिनींना, खुर्ची टाकून बसवत. वहिनी तिथे बसून भारतात फोन लावायच्या. शेजारच्या गोऱ्याला कोडं पडायचं की ही बाई रोज चामड्याच्या पट्ट्यांवर पहारा का देते.

रविवारी हेच सर विहारात पहिल्या रांगेत बसून सर्वांबरोबर पंचशील म्हणायचे. त्यावर कुणीतरी एकदा छेडलंच. आदल्या दिवशी जनावर मारायचं आणि दुसऱ्या दिवशी प्राणिहत्येपासून दूर राहण्याचा शब्द द्यायचा, हे कसं काय, असं एका तरुण डॉक्टराने सर्वांसमोर विचारलं. सर रागावले नाहीत. त्यांनी आधी डॉक्टरचा चष्मा पुसून दिला. मग म्हणाले, "मटण तूही खातोस. माझ्या आज्यानं गावाची मेलेली जनावरं ओढायचं नाकारलं, त्यासाठी मार खाल्ला. मी खातो ते कसं मेलं हे मला माहीत असतं, एवढाच माझा हट्ट. शील मोडतं, ते मला कळतं. ते मी डोळे उघडे ठेवून मोडतो." विहारात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. मला मात्र त्यांचं ते शेवटचं वाक्य उगाचच टोचत राहिलं.

पुढे मीही त्यांच्याबरोबर जंगलात जायला लागलो, पण ती गंमत नव्हती. ताणाने माझी मान आखडायची. माझ्याकडे लायसन्स होतं, बंदूक नव्हती, ती घ्यायची छातीही नव्हती. मी दुर्बीण धरून बसणारा. सरांना एकाच गोष्टीची भीती होती आणि ती त्यांनी पहिल्याच फेरीत गाडीत बसल्या बसल्या सांगितली होती. आपल्या हातून एक दिवस जनावर समजून माणूस मारला जाईल, ही ती भीती. असं कुठे ना कुठे घडल्याची बातमी अधूनमधून यायची. दुकानात चहा पिताना ती वाचून झाली की सर कप खाली ठेवत. "मारणारे चांगलेच लोक असतात रे सचिन," ते म्हणत. "बायका-मुलं असलेले. गेलेला बहुतेक वेळा त्यांचाच मित्र असतो."

म्हणून त्यांचे नियम. केशरी जाकीट रात्री झोपतानाच काढायचं. गळ्यात शिट्टी. कॅम्पमधून चार पावलं जायचं तरी कुठे जातोय ते सांगून जायचं, अगदी झाडामागे जायचं असलं तरी. माझ्या पहिल्या फेरीत एक प्रचंड नर आडव्या पडलेल्या ओंडक्यामागे येऊन उभा राहिला. डोकं आणि मान स्पष्ट दिसत होती. सर बघत राहिले, बघत राहिले आणि तो आला तसा निघून गेला. मी चिडून विचारलं की अजून काय दिसायला हवं होतं. म्हणाले, "डोकं दिसलं. बाकीचं वाटलं." रायफल क्लबातले लोक त्यांना 'न मारणारा शिकारी' म्हणून चिडवायचे आणि ते खरंच होतं. दहा फेऱ्या केल्या तर एखादं सांबर. पण मारलं ते जागच्या जागी बसलं.

त्यांची मुलगी प्रज्ञा हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. मेलबर्नमध्येच जन्मलेली, मराठी समजणारी, उत्तर अर्धं इंग्रजीत देणारी. तिला दिवस गेले तेव्हा तिने एक दिवस दुकानात येऊन बापाला सांगितलं की बंदुकीच्या गोळीतलं शिसं मांसात राहतं, पोटातल्या बाळाला ते वाईट, तेव्हा तुझं सांबर यापुढे मी खाणार नाही. सरांनी वाद घातला नाही. फ्रीजरमधला एक तुकडा आणला, शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि त्याला विनवून त्या मांसाचा एक्स-रे काढून घेतला. फिल्मवर पांढरे ठिपके होते, मोहरीएवढे आणि त्याहून बारीक, गोळी लागली तिथून चांगले वीतभर लांब. सर ती फिल्म उजेडात धरून उभे होते. इतकी वर्षं मी हे लोकांना वाटलं, एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी अख्खा फ्रीजर रिकामा केला. वहिनी हळहळत होत्या, पण सरांसमोर बोलायची सोय नव्हती.

मग तांब्याच्या गोळीचं प्रकरण सुरू झालं. दोन महिने शनिवारी आम्ही जंगलात न जाता क्लबच्या रेंजवर जात होतो. शिशाची गोळी जनावरात शिरली की फुटते. तांब्याची फुटत नाही, तिचं तोंड पाकळ्यांसारखं उमलतं आणि ती अखंड पलीकडे जाते. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि सरांच्या जुन्या थ्री-ओ-एट बंदुकीच्या नळीला ती लांब गोळी मानवेना. शंभर मीटरवर भोकं ताटभर पसरायची. त्यांनी एकशे ऐंशी ग्रेन वजनाची गोळी सोडून हलकी, एकशे पासष्टची आणली, तीही जमेना, मग दीडशेची आणली आणि तेव्हा कुठे भोकं चहाच्या बशीत मावायला लागली. बंदुकीवरची मोठी दुर्बीणही काढून टाकली आणि कमी पॉवरची बसवली. लोक उलट करतात, म्हणून मी विचारलं. म्हणाले, जंगलात सगळं जवळ असतं, जास्त पॉवरमधून नुसते केस दिसतात. केस कशाचेही असू शकतात.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी दुकानात, लेन्स ठेवायच्या ट्रेमध्ये दोन वापरलेल्या गोळ्या मांडून मला समजावलं. पूर्वी ते जनावराच्या बरगड्यांमागे, फुप्फुसांवर नेम धरायचे. तिथे मोठी जागा असते आणि शिसं फुटून आत हाहाकार करतं. तांब्याची गोळी मऊ जागेतून गेली तर बारीक भोक पाडून निघून जाईल आणि सांबर दोन डोंगर ओलांडून कुठल्यातरी काटेरी जाळीत तडफडून मरेल. तिला उमलायला हाड लागतं. म्हणून यापुढे नेम खांद्यावर, पुढच्या पायाचं हाड धडाला मिळतं तिथे. "खांदा सापडेपर्यंत बोट दाबायचं नाही," सर म्हणाले. हे ते मला शिकवत होते की स्वतःला बजावत होते, कोण जाणे. ही सगळी खटपट एका न जन्मलेल्या पोरासाठी चालली आहे, हे बघून मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं होतं.

केतन म्हणजे प्रज्ञाचा नवरा. पुण्याचा, माझ्यासारखाच विद्यार्थी म्हणून आलेला, आता एका गोदामाचं वेळापत्रक सांभाळतो. मनाने लोण्यासारखा, पण क्षणभर गप्प बसणं त्याला जमत नाही. त्याला सासऱ्याबरोबर एकदा जायचं होतं. दोन वर्षं सर टाळत होते. जंगलात मला तुझी काळजी करत बसावं लागेल, असं स्पष्ट सांगत. शेवटी प्रज्ञानेच रदबदली केली. बाळ आलं की त्याला कुठे सवड मिळणार आहे, म्हणाली. सर तयार झाले. निघताना ती सातव्या महिन्याचं पोट सांभाळत गाडीपाशी आली आणि केतनचा सीटबेल्ट ओढून बघितला. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, त्याला परत आण हं. आय मीन इट." सरांनी मान हलवली.

मे महिना होता, म्हणजे तिथल्या हिवाळ्याचं तोंड, थंडी कडक. जेमिसनच्या पुढे ओढ्याकाठी आम्ही तंबू ठोकले. थोड्या अंतरावर तीन-चार ऑसी लोकांचा कॅम्प होता. केतनने नवं कोरं तपकिरी, फुगीर पफर जाकीट आणलं होतं. सरांनी ते बघितलं, गाडीतून केशरी जाकीट काढलं आणि स्वतःच्या हाताने त्याला वरून घातलं. मग नियम सांगितले. शेवटचा नियम ऐकताना केतनचे कान लाल झाले. उद्या पहाटे पोट साफ करायला जाशील तेव्हाही मला किंवा सचिनला सांगून जायचं, जाकीट घालून जायचं आणि ओढ्याच्या अलीकडेच. जावयाला सासऱ्याकडून हे ऐकावं लागणं म्हणजे परीक्षाच. त्याने "हो बाबा" म्हटलं आणि विषय बदलून मटणाच्या रश्श्याकडे वळला. वहिनींनी दिलेलं ते मटण झणझणीत होतं आणि गड्याने ते भरपूर ओरपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सर आणि मी निघालो. केतनने कॅम्पवर थांबायचं ठरलं होतं. तो झोपेत हूं म्हणाला. आम्ही डोंगराच्या सोंडेवर चढून एका खडकाच्या आडोशाला बसलो. खाली ओढा, समोर उतार, त्यावर दाट झुडपं. धुकं विरळ होत होतं. हातापायांची बोटं बधिर झाली होती आणि मला चहाची स्वप्नं पडत होती. मला त्यांनी डावीकडचा भाग बघायला सांगितला होता. उजवीकडचा त्यांचा.

तेवढ्यात सरांचा श्वास बदलला. मी मान वळवली. त्यांनी गाल बंदुकीला लावला होता. गोळी नळीत चढवणारा बोल्ट त्यांनी इतका हळू सरकवला की फक्त शेवटची खट् ऐकू आली. मी दुर्बीण तिकडे फिरवली. फांद्यांचं जाळं दिसलं आणि त्यामागे जमिनीपासून कंबरभर उंचीवर काहीतरी तपकिरी हललं. सव्वाशे मीटरच्या आतच असेल. मला त्यापलीकडे काही कळेना, पण सरांनी बोल्ट बंद केलाय म्हटल्यावर मला शंकेचं कारण नव्हतं. हा माणूस उगीच बोल्ट बंद करत नाही. मी श्वास रोखून बंदुकीच्या आवाजाची वाट बघू लागलो.

आवाज आला नाही. सर तसेच. त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला होता. मला वाटलं आता, आता. काही नाही. मग ओठ न हलवता ते पुटपुटले, "खांदा सापडत नाही." तपकिरी रंग जरा खाली बसला, पुन्हा वर आला. "खांदा कुठाय," ते परत म्हणाले, आणि या वेळी तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मग त्यांनी गाल उचलला. बोल्ट मागे खेचला. काडतूस उडून गवतात पडलं. मी दुर्बिणीतून बघत होतो. समोरच्या झुडपांत केतन उभा राहिला आणि पॅंट वर ओढू लागला.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. मग मी सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते थांबलं. सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकर निघेना. दुसऱ्या प्रयत्नात वाजली. समोर केतन दचकला, इकडे तिकडे बघून त्याने हात हलवला. एका हातात त्याच्या पाण्याची बाटली होती.

झालं होतं ते इतकं साधं, की आपल्यापैकी कुणीही केलं असतं. पहाटे रश्श्याने पोटात कळ आणली. आम्ही निघून गेलेलो, म्हणजे सासऱ्याला सांगायची लाज टळली, असं त्याला वाटलं. ओढ्याच्या अलीकडे ते ऑसी लोक शेकोटी पेटवून उठले होते. त्यांना आपण बसलेलो दिसू नये म्हणून तो बाटली घेऊन ओढा ओलांडून गेला. आणि केशरी जाकीट लांबूनही दिसतं, म्हणून ते त्याने तंबूतच काढून ठेवलं. दिसण्यासाठी दिलेलं जाकीट त्याने नेमकं दिसू नये म्हणून काढलं होतं. त्याला रागवायला मला तोंड नव्हतं, त्याच्या जागी मीही लाजलोच असतो.

खाली आल्यावर सरांनी त्याला एवढंच सांगितलं की तू तिथे होतास आणि आम्ही समोर होतो. केतनचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सासऱ्याचे पाय धरले. सरांनी त्याला उठवलं आणि तंबू आवरायला लागले. पण केतन शेवटी केतनच. सीमोर येईपर्यंत त्याला पहिला विनोद सुचला आणि घरी पोचेपर्यंत त्याची गोष्ट तयार झाली होती. बाबांनी मला पहिल्या नजरेतच ओळखलं, दुसरा कुणी असता तर खलास होतो, अशी ती गोष्ट होती. विहारात, पंजाबी मिठाईवाल्याकडे, कामावर, सगळीकडे त्याने ती सांगितली. स्वतःची चेष्टा करून घेण्यात तो पटाईत आहे, लोक पोट धरून हसायचे आणि हसून झालं की सरांकडे आदराने बघायचे. क्लबाने तर नव्या सभासदांसमोर सुरक्षेवर बोलायला सरांना आमंत्रण दिलं. सरांनी तब्येतीचं कारण सांगून नकार दिला.

पहिल्या नजरेत नसेल, पण सरांना शंका आली म्हणूनच ते थांबले, असं मीही धरून चाललो होतो. पण दुकानात रोज त्यांच्याबरोबर असायचो, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. एकच डोळा ते तीन तीनदा तपासायला लागले. नंबर काढून झाला, मी काच कापायला घेतली, की आतून हाक यायची, थांब, त्यांना परत बसव. पेशंट कुरकुरायला लागले, एक दोन जण उठून गेले. पूर्वी हट्टाने विचारायचे तो प्रश्न ते विचारेनासे झाले. नुसते काचा बदलत राहायचे. एका दुपारी ते कुठे जातोय हे न सांगता बाहेर गेले. परत आल्यावर कळलं की एपिंगच्या एका डॉक्टरकडे स्वतःचे डोळे तपासून आले. मी विचारलं, काय निघालं? "काही नाही. अगदी उत्तम आहेत," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. "काही निघालं असतं तर बरं झालं असतं." मला तेव्हा त्यांची कीव आली आणि ती का येतेय तेही कळेना.

ऑगस्टच्या अखेरीस प्रज्ञाच्या मुलीचं नामकरण होतं. त्याच आठवड्यात मला सिडनीत अकाउंटंटची नोकरी मिळाली होती. तिथल्या केलीव्हिलला घर बघून झालं होतं, दुसऱ्या दिवशीचं विमान होतं, म्हणजे हा समारंभ माझाही निरोपच होता. दुपारी सरांच्या मागच्या अंगणात वंदना झाली, नाव ठेवून झालं, लोक खुर्च्या ओढून गोल करून बसले. केतन लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता आणि कुणीतरी म्हणालं, केतन, ती ओढ्यापलीकडची गोष्ट होऊन जाऊ दे. त्याने ती सांगितली. नेहमीपेक्षा जास्त रंगवून. शेवटी लेकीचं डोकं थोपटत म्हणाला, "आजोबांनी पहिल्या नजरेत ओळखलं म्हणून तुझा बाबा आज इथे आहे बरं का."

"मी ओळखलं नव्हतं," सर म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. काही लोकांना तो ऐकूही गेला नाही. केतन हसत म्हणाला, बाबा, क्रेडिट घ्या की, कशाला मोठेपणा. सर उठून उभे राहिले होते. त्यांनी सांगितलं की बंदुकीच्या सेफ्टीचा खटका काढलेला होता, बोट ट्रिगरवर होतं, गोळी सोडायची हे ठरलं होतं. अंगणातले आवाज एकेक करून बंद झाले. मंगलवहिनी पुरीचं ताट घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

प्रज्ञाने खुर्ची सोडली नाही. "मग शूट का नाही केलंस?" तिने विचारलं.

"खांदा सापडेना."

"पण तुला डाऊट आला होता ना, बाबा? समथिंग वॉज ऑफ. राइट?"

तिला हो हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं परत जागेवर बसलं असतं, लोक जेवायला उठले असते. सर तिच्याकडे बघत होते आणि ते खोटं बोलणार नाहीत हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं. त्या क्षणी मला वाटलं, एवढं एक खोटं बोला हो सर.

"डाऊट नव्हता," ते म्हणाले. "नर होता तो. शिंगं दिसली होती मला, प्रज्ञा. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं."

प्रज्ञाने दोन्ही हात तोंडावर धरले. केतनच्या चेहऱ्यावरचं हसू पुसायचं राहून गेलं होतं, ते तसंच विचित्रपणे टिकून होतं. मग त्याने लेकीला प्रज्ञाच्या मांडीवर ठेवलं आणि तो सरांसमोर जाऊन उभा राहिला. आता हा काहीतरी बोलून बसेल किंवा निघून जाईल, अशी मला धास्ती वाटली.

"कुठे शोधत होता?" त्याने विचारलं.

सरांना कळलं नाही.

"खांदा. कुठे शोधत होता, बाबा?"

सरांनी उजवा हात उचलला. केतनच्या गळ्याच्या हाडाखाली, जरा डावीकडे, त्यांनी तळहात टेकवला आणि बोटांनी चाचपल्यासारखं केलं. केतन मागे सरला नाही. त्याने आपले दोन्ही हात त्या हातावर ठेवले आणि दाबून धरले. सरांनी हात काढून घ्यायचा एकदा प्रयत्न केला, केतनने सोडला नाही. मग सरांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

बाळाने भोकाड पसरलं तेव्हा लोक भानावर आले. वहिनींनी ताट टेबलावर ठेवलं आणि कुणाकडेही न बघता सगळ्यांना जेवून घ्या म्हणाल्या. मला उशीर होत होता, सामान अजून बांधायचं होतं. सरांचा निरोप घ्यायला मी त्यांच्याजवळ गेलो, हात पुढे केला. पण त्यांचा हात मोकळा नव्हता, म्हणून मी तसाच निघालो.